विटेतील पोकळी आणि बऱ्हाणपूरचा उन्हाळा

खानदेश सुभ्याचे ठाणे म्हणून मोगल दफ्तरांत ज्याचे नाव वारंवार येते, १६०१ साली असीरगड पडल्यावर ज्याची फारुकी राजवट संपुष्टात आली आणि १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर जे मराठ्यांच्या अमलाखाली गेले, त्या बऱ्हाणपूर शहराच्या तवारिखांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या पदार्थाने या शहराचा मोठा भाग उभा राहिला त्या भाजलेल्या विटेविषयी, आणि तापीकाठच्या दाहक उन्हाळ्याशी त्या विटेने चार शतके जो व्यवहार केला त्याविषयीही लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. वैशाखात येथील पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, सातपुड्याच्या रांगांमधील हे खोरे दुपारी भट्टीप्रमाणे तापते, आणि तरीही शाही किल्ल्याच्या जाड भिंतींच्या आत पाऊल टाकताच बाहेरचा दाह मागे राहतो. हे कसे घडते, याचे उत्तर विटेत असलेल्या मातीपेक्षा विटेत नसलेल्या मातीत अधिक आहे, असे म्हटले तर ते चमत्कारिक वाटेल. पण वस्तुस्थिती तशीच आहे.

बऱ्हाणपूरच्या भोवती दगडाचा तुटवडा मुळीच नाही. काळ्या बसाल्टाचा हा मुलूख आहे, आणि १५९० च्या सुमारास पूर्ण झालेली येथील जामा मशीद, जिच्या भिंतीवर अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, ती काळ्या दगडाचीच आहे. मात्र तापीकाठचा राजवाडा आणि १७३१ साली निजाम-उल-मुल्क आसफजाहाने शहराभोवती घातलेला तट यांत विटेचा वापर विपुल आहे. याचे पहिले कारण अर्थात सोयीचे: तापी आणि तिच्या उपनद्यांनी या खोऱ्यात गाळाचे खोल थर पसरले आहेत, आणि जेथे गाळ व सरपण आहे तेथे वीट दगडापेक्षा स्वस्त पडते. पण सोयीपोटी निवडलेल्या या पदार्थाच्या अंगी एक असा गुण होता की ज्याची किंमत उन्हाळ्यातच कळावी. बसाल्टाची उष्णतावाहकता, म्हणजे एक मीटर जाडीच्या थराच्या दोन बाजूंत एक अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जितकी उष्णता पार होते ती, साधारणपणे दीड ते दोन वॉटच्या घरात असते. भारतीय गणितांत साध्या भाजक्या विटेसाठी जो आकडा धरतात तो ०.८११ आहे, आणि स्थिर, कोरड्या हवेचा आकडा आहे अवघा ०.०२६. या तीन आकड्यांत सगळे प्रकरण साठवलेले आहे, कारण वीट ही माती आणि हवा यांचे मिश्रण आहे, आणि त्या मिश्रणात हवेचा वाटा किती, ती कोणत्या आकाराच्या कोठड्यांत कोंडलेली आहे आणि ती कोरडी राहते की नाही, यावर भिंतीची उष्णतारोधकता ठरते.

विटेत हवा येते कोठून, हे समजण्यासाठी तिचा जन्मक्रम पाहावा लागतो. थापणारा कारागीर माती मळतो तेव्हा तिच्यात भरपूर पाणी घालतो, नाही तर गारा साच्यात नीट बसत नाही. हे पाणी मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांवरून घसरू देते. कच्ची वीट उन्हात वाळते तेव्हा हे पाणी निघून जाते, पापुद्रे काही अंशी जवळ येतात, वीट आकसते. पण कण एकमेकांना टेकले की आकसणे थांबते आणि त्यापुढे जाणारे पाणी आपल्या जागी रिकाम्या वाटा सोडून जाते. नंतर पजाव्यात विटा रचून, मध्ये तुराट्या, पऱ्हाट्या, कोळशाची भुकटी असे सरपण घालून, वरून मातीने लिंपून आग दिली जाते. आच चढत जाऊन साडेचारशे ते सहाशे अंशांच्या दरम्यान मातीच्या खनिजांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी सुटते. मातीत मुळातच असलेला पालापाचोळा, मुळांचे तंतू व मिसळलेला भुसा जळून त्यांच्या आकाराची पोकळी उरते. सातशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान चुनखडीचे बारीक कण फुटून त्यांतील कर्बवायू बाहेर पडतो आणि त्यांच्याही जागी रंध्रे राहतात. येथवर आग विटेला पोकळ करीत असते. त्यानंतर मात्र तिचे कार्य उलटते: नऊशेच्या पुढे मातीतील काही घटक वितळू लागतात, त्यांचा काचेसारखा द्रव कणांमधून झिरपतो, लहान रंध्रे बुजवतो, कणांना सांधतो, आणि वीट बळकट व घन होत जाते. ही आच फार चढली तर वीट वितळून वाकडी होते, तिला आपल्याकडे खंगर म्हणतात. ती पाणी जवळजवळ पीत नाही, ठोकली असता धातूप्रमाणे वाजते, आणि उष्णता मात्र दगडाच्या जवळपास वाहून नेते.

एकाच पजाव्यात हे सर्व प्रकार एकत्र निघतात, कारण गाभ्यातली आच आणि कडेची आच सारखी नसते. कडेच्या विटा फिकट, कमी भाजलेल्या आणि रंध्रबहुल, मधल्या लालबुंद, आगीच्या ऐन तोंडच्या काळसर. जुना गवंडी यांची निवड रंगावरून आणि नादावरून करीत असे आणि जी वीट पायात घालायची ती आतल्या आडभिंतीत घालीत नसे. त्याच्या या निवडीमागे जो अनुभव होता तो आजच्या प्रयोगशाळेतील मापांशी जुळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काळ्या मातीच्या प्रदेशातील वीटभट्टीवाल्याची अडचण निराळीच असते. कपाशीला लाभदायी असलेली ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की जबर आकसते. तिच्यातील खनिज पाणी आपल्या थरांच्या आत घेत असल्याने नुसत्या काळ्या मातीची वीट उन्हात वाळतानाच तडकते. म्हणून तिच्यात नदीचा पोयटा, वाळूचा अंश, राख, भाताचे तूस, उसाची चिपाडे असे काहीतरी मिसळतात. कारागिराचा हेतू वीट फुटू नये आणि सरपण वाचावे एवढाच असतो: तुसामुळे आतले पाणी बाहेर यायला वाट मिळते, आणि राखेत उरलेला कोळशाचा अंश विटेच्या पोटातच जळून तिला आतून भाजतो. पण या दोन व्यावहारिक गरजांच्या पाठोपाठ तिसरा लाभ न मागता येतो. तूस जळून गेले की त्याच्या आकाराच्या हजारो पोकळ्या विटेत उरतात, आणि ती वीट हलकी व उष्णतारोधक होते. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील वीटभट्ट्यांनी मातीत राख मिसळावी असा दंडक १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचनेने घातला, तो मुख्यतः राखेची विल्हेवाट लावण्यासाठी व सुपीक माती वाचवण्यासाठी. विटेच्या अंगची उष्णतारोधकता हा त्यातील आनुषंगिक फायदा होय.

विटेत पोकळी किती आहे हे कोणालाही घरच्या घरी मोजता येते. तीन किलो वजनाची चांगली वाळलेली वीट चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी, पृष्ठभाग पुसून पुन्हा तोलावी. वजन ४५० ग्रॅमने वाढले तर शोषण शेकडा १५ झाले. विटेची घनता दर घनसेंटिमीटरला १.८ ग्रॅम असेल तर तिचे आकारमान १६६७ घनसेंटिमीटर भरते, आणि त्यात ४५० घनसेंटिमीटर पाणी मावले, म्हणजे तिच्यातील शेकडा २७ भाग जागा रिकामी व बाहेरच्या हवेशी जोडलेली होती. आता मातीच्या कणांची स्वतःची घनता साधारण २.६ धरली तर १.८ घनतेच्या विटेत एकूण पोकळी शेकडा ३१ असली पाहिजे. म्हणजे उरलेले चार भाग पाणी पोहोचू न शकलेल्या बंद कोठड्यांत आहेत. विटेच्या भारतीय मानकाने, आय.एस. १०७७ ने, साध्या वर्गांच्या विटांना शेकडा २० पर्यंत आणि उच्च वर्गांच्या विटांना शेकडा १५ पर्यंत शोषणाची मुभा दिली आहे. म्हणजे आपण पक्की वीट म्हणून जिचा उल्लेख करतो तिचाही चौथा हिस्सा व अनेकदा त्याहून अधिक भाग निव्वळ हवा असतो.

हवेचा वाटा वाढला की वाहकता कोणत्या प्रमाणात घटते, याचा पहिला काटेकोर विचार जेम्स क्लार्क मॅक्सवेल याच्या १८७३ च्या ग्रंथात सापडतो. त्याने तो विद्युत्प्रवाहाच्या संदर्भात केला होता, पण तेच गणित उष्णतेलाही लागू पडते. पदार्थात गोल पोकळ्या विखुरल्या आहेत आणि त्यांतून उष्णता जवळजवळ जात नाही असे मानले तर त्या गणिताचा निष्कर्ष असा: पोकळी शेकडा ३० झाली की वाहकता मूळच्या शेकडा ६१ वर येते, आणि पोकळी निम्मी झाली की ती शेकडा ४० वर येते. म्हणजे ही घट पोकळीच्या प्रमाणापेक्षा अधिक असते, कारण उष्णतेला पोकळीला वळसा घालून जावे लागते आणि तिचा मार्ग लांबतो. पोकळ्या गोल नसून पापुद्र्यांसारख्या चपट्या असतील आणि त्या प्रवाहाला आडव्या पडल्या असतील तर अडथळा आणखी वाढतो. त्याच चपट्या पोकळ्या प्रवाहाच्या दिशेने लांबलेल्या असतील तर त्यांचा उपयोग फारसा होत नाही. यंत्राच्या दट्ट्याने दाबून काढलेल्या विटांत मातीचे पापुद्रे एका दिशेला झुकतात, आणि म्हणून अशा विटेची उष्णतावाहकता आडवी मोजली तर एक व उभी मोजली तर दुसरी भरते.

पोकळीच्या आकारमानालाही महत्त्व आहे. बऱ्हाणपूर हे विणकरांचे शहर असल्याने हे येथे एका दृष्टांताने सांगणे अप्रस्तुत होणार नाही: पिंजलेल्या कापसाची रजई आणि तेवढ्याच जाडीची रिकामी खोळ या दोहोंत हवा जवळपास सारखीच असते, परंतु रजईत ती तंतूंमध्ये अडकून निश्चल राहते आणि खोळीत ती फिरते. विटेतही रंध्र मिलिमीटराच्या अंशाएवढे असेल तोवर त्यातील हवा फिरू शकत नाही. रंध्र मोठे झाले की, विशेषतः तापमान जास्त असल्यास, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे किरणोत्सर्गाने उष्णता जाऊ लागते, आणि ही देवघेव तापमान वाढेल तशी झपाट्याने वाढते. म्हणून पोलादाच्या वा काचेच्या भट्ट्यांना बाहेरून लावायच्या उष्णतारोधक विटा करताना तापसह मातीत लाकडाचा बारीक भुसा मिसळून असंख्य सूक्ष्म रंध्रे पाडतात. अशा विटांत पोकळी शेकडा साठ-सत्तर असू शकते, आणि त्यांची वाहकता साध्या विटेच्या तृतीयांशापेक्षाही खाली जाते. ज्या ठिकाणी उन्हाचाच प्रश्न आहे, तेथे किरणोत्सर्गाचा हा भाग गौण राहतो.

भुसा घालून हलकी वीट करण्याची विद्या आपल्या प्रदेशात नवीन नाही, याचा साक्षात पुरावा धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे उभा आहे. ज्या तगर नगरीचा उल्लेख पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारवृत्तान्तात आला आहे, तिच्याच या वारसदार गावी विटांनी बांधलेले त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर आहे, आणि तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेलंगणातील पालमपेटच्या रामप्पा मंदिराच्या शिखरातील विटांचीही हीच ख्याती आहे. तरंगणे म्हणजे काय, याचा हिशेब केला की त्या कारागिरांविषयी आदर दुणावतो: मातीच्या कणांची घनता २.६ असता वीट पाण्याहून हलकी व्हायची तर तिच्यातील पोकळी शेकडा ६१ च्या वर असली पाहिजे, आणि ती पाणी चटकन पिऊन बुडू नये एवढ्यासाठी पोकळ्यांची तोंडे पुरेशी अरुंद वा बंद असली पाहिजेत. शिखरावरचा भार कमी करणे हा तेथे प्रधान हेतू असणार. पण उष्णतारोधक वीट म्हणून आधुनिक कारखाने ज्या गुणांची योजना मुद्दाम करतात तेच गुण या देशी विटांत कित्येक शतकांपूर्वी आणले गेले होते.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या आणि माझ्या मते सर्वांत उपेक्षित भागाकडे वळले पाहिजे, तो म्हणजे ओल. रंध्रात हवा असते तोवरच ते रंध्र उष्णतेला अडवते. पाण्याची वाहकता ०.६ आहे, म्हणजे हवेच्या वीस पटींहून अधिक. म्हणून रंध्रांत पाणी शिरले की विटेतील अडथळे पुलांत रूपांतरित होतात. विटेच्या आकारमानात शेकडा पाच भाग ओल आली तरी तिची वाहकता कोरड्या विटेच्या दीडपटीच्या पुढे जाते. जी वीट जितकी रंध्रबहुल, तितकी तिला ओलीपासून राखण्याची गरज अधिक, आणि उष्णतारोधक विटेची चर्चा करताना ही अट विसरली तर सगळा हिशेब फसतो. जुन्या बांधकामात जोते उंच ठेवणे, छज्जा बाहेर काढणे, भिंतीला चुन्याचा गिलावा देणे या सर्वांचा संबंध या एका गोष्टीशी आहे. चुन्याचा गिलावा स्वतः रंध्रयुक्त असतो. पावसाळ्यात थोडी ओल घेतली तरी तो ती उन्हाळ्यात परत देतो. त्याच भिंतीवर सिमेंटाचा घट्ट गिलावा चढवला की जमिनीतून चढलेली ओल आतच कोंडली जाते, क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साठून विटेचे पापुद्रे सुटतात, आणि भिंत एकाच वेळी दुर्बळ व उष्णतावाहक होते. ज्या जुन्या शहरात अजून पुष्कळ घरे चुना-विटांची आहेत तेथे दुरुस्तीच्या नावाखाली होणारी ही हानी पाहून मन विषण्ण होते, कारण ती टाळता येण्याजोगी आहे.

हीच ओल हेतुपुरस्सर वापरली तर ती उपकारकही ठरते, हे येथे नमूद केले पाहिजे, विशेषतः केळीच्या व्यापारावर जगणाऱ्या या जिल्ह्यात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला: विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, आणि दिवसातून दोनदा पाणी. येथे विटेची रंध्रे पाणी शोषून बाहेरच्या पृष्ठभागी आणतात, कोरडी हवा ते उडवून नेते, आणि बाष्पीभवनाला लागणारी उष्णता कक्षातून खेचली गेल्याने आतली फळे-भाजी बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड राहू शकतात. कोरड्या भिंतीत रंध्र उष्णता अडवते, ओल्या भिंतीत ते पाणी वाहते. दोन्ही कामे एकाच भिंतीकडून एकाच वेळी घेता येत नाहीत.

शाही किल्ल्यातील हमामाकडे या दृष्टीने पाहावे. छताची रंगीत नक्षी आजही ओळखता येते असा हा स्नानगृहाचा भाग. १६३१ साली याच शहरात देह ठेवलेल्या मुमताजमहलचे नाव त्याच्याशी जोडले जाते. हमामात उष्णता बाहेर जाऊ द्यायची नसते, म्हणजे दिवाणखान्याच्या नेमके उलट. पण भिंतीला आत-बाहेर असा भेद नाही, आणि तीच रंध्रयुक्त जाड चिनाई दोन्ही कामे करते. मात्र वाफेने भरलेल्या खोलीत रंध्रे उघडी ठेवणे परवडत नाही, म्हणून आतला चुना घोटून घोटून गुळगुळीत करावा लागतो.

तथापि जुन्या वाड्यांचा गारवा केवळ सच्छिद्रतेचा प्रसाद आहे असे म्हणणे सत्याचा अपलाप होईल. त्यात भिंतीच्या जाडीचा वाटा फार मोठा आहे. दिवसाच्या उन्हाची लाट साध्या विटेच्या भिंतीत सुमारे १२ सेंटिमीटर आत जाईपर्यंत तिचा जोर एकतृतीयांशाच्या आसपास उरतो आणि तिला जवळजवळ पावणेचार तासांचा विलंब होतो, असा स्थूल हिशेब निघतो. नऊ इंची भिंतीत हा जोर सातव्या हिश्श्यावर येतो आणि विलंब सात-साडेसात तासांचा होतो. त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी चारला पडलेले ऊन रात्री अकराच्या सुमारास आतल्या माणसाला भाजू लागते, हा अनुभव आजच्या घरांत राहणाऱ्या प्रत्येकास आहे. भिंत हातभर जाड असेल तर लाट आत पोहोचेपर्यंत जवळजवळ विरते. वीट अधिक रंध्रयुक्त केली की वाहकता घटते खरी, पण तिच्याबरोबर वजन आणि उष्णता साठवण्याची शक्तीही घटते, आणि म्हणून लाटेच्या प्रवासाचा वेग फारसा बदलत नाही. बदलते ते दिवसभरात आत झिरपणाऱ्या उष्णतेचे एकूण प्रमाण. जाडी रोजच्या चढउताराला सपाट करते, रंध्रे सरासरी भार कमी करतात. ज्या घरात यंत्राने हवा थंड ठेवायची आहे तेथे दुसऱ्या गुणाची किंमत अधिक, आणि ज्या घरात दारे-खिडक्या उघड्या ठेवून राहायचे आहे तेथे पहिल्याची.

आजच्या सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्यात वीट भार वाहत नाही, ती फक्त जागा भरते, आणि म्हणून जुन्या काळी सच्छिद्रतेला असलेली मोठी अडचण, म्हणजे पोकळी वाढली की दाब सोसण्याची ताकद झपाट्याने उतरते ही, आता निम्म्याहून अधिक निघून गेली आहे. तुसाची हलकी वीट सांगाड्याच्या आत भरायला हरकत नसावी. बाहेरच्या तोंडाला पाऊस लागणार नाही एवढी खबरदारी मात्र हवी. पण घरात सर्वांत जास्त ऊन भिंतीवर पडत नाही, ते छतावर पडते, आणि तेथे आपल्या गवंड्यांनी विटेच्या रंध्रांचा उपयोग फार पूर्वीपासून चालू ठेवला आहे: गच्चीवर घातला जाणारा विटांच्या तुकड्यांचा कोबा. हा कोबा पाणी अडवण्यासाठी घालतात असा समज आहे, परंतु दहा-बारा सेंटिमीटर जाडीचा सच्छिद्र तुकड्यांचा हा थर उन्हालाही अडवतो, आणि त्यासाठी खंगरापेक्षा मध्यम भाजलेली वीट अधिक उपयोगी पडते. त्याचा ढाळ चुकला, पन्हाळीचे तोंड तुंबले वा वरच्या लेपाला चिरा गेल्या, तर तुकड्यांत शिरलेले पावसाचे पाणी महिनोन्महिने आत राहते, छताचे वजन वाढते, आणि मार्चमध्ये पहिले कडक ऊन पडते तेव्हा हा थर उष्णता अडवण्याऐवजी खाली पोहोचवू लागतो. म्हणून कोब्याच्या चिरा पाऊस संपताच बुजवाव्यात हे खरे. पण त्याआधी काही दिवसांचे ऊन त्याला खाऊ द्यावे, म्हणजे आतले पाणी निघून जाईल आणि लेपाखाली कोंडली जाईल ती हवा कोरडी असेल.